गिऱ्हाईक आणू खयसून?

गेल्या मे महिन्यात एकाच आठवड्यात तिघांनी मला हे ऐकवलं. मालवणात घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणारं जोडपं, कणकवलीची एक शिवणकाम करणारी मुलगी आणि देवगडचा हापूस थेट गिऱ्हाइकाला विकू पाहणारा तरुण. सूर एकच: माल चांगला आहे, पण जाहिरातीला पैसे नाहीत, मग नवीन गिऱ्हाईक येणार कुठून? अशा वेळी मला वेंगुर्ल्याकडच्या एक बाई आठवतात. ओळख पटू नये इतके तपशील बदलून त्यांची गोष्ट सांगते.

मी समुपदेशनाचं काम करते. त्या माझ्याकडे आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. दोन वर्षं घरी कोकमाचं आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ करून विकत होत्या. आमसुलं पुन्हा पुन्हा रसात बुडवून उन्हात वाळवायची, कामात कुठे आळस नाही. पण गिऱ्हाईक म्हणजे वाडीतली आणि नात्यातली वीसेक घरं. साठवणीतून नाक्यावर फ्लेक्स लावला, तो पहिल्याच पावसाळ्यात फाटला. आता हाताशी ५,००० रुपये होते. "ह्यात खयची जाहिरात करू, ताई?"

दुसऱ्या भेटीला त्यांनी माझ्यासाठी आगळाची बाटली आणली. मी पाकीट काढलं तर हात मागे घेतला. "तुमच्याकडसून पैसे? नको, ताई." मी बाटली परत दिली. त्या दुखावल्या, पण माझ्या मनात काहीतरी टिपलं गेलं होतं.

तिसऱ्या वेळी मी विचारलं, "एकदा माल नेला आणि पुन्हा आले नाहीत, असे कितीजण?"

पिशवीतून वही निघाली. चाकरमानी, पर्यटक, लेकीच्या सासरचे, फोन नंबरांसकट ४३ नावं.

"यांना कधी फोन केलात?"

"नाय."

"फोनला कुठे पैसे लागतात?"

"त्यांका वाटतला, ही गळ्यात मारूक बघता."

"बरं, पहिली आमसुलं सुकली की काय करता?"

"शेजारी देतंय. वानवळो."

"तेव्हा लाज वाटते?"

"त्यात कसली लाज?"

"आमसुलं तीच, करणारे हातही तेच. मग फोन करताना लाज कुठून आली?"

बराच वेळ त्या पदराचं टोक चुरगळत राहिल्या. बाहेर एसटी येऊन गेली तरी मी बोलले नाही. अशी शांतता मोडायची नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. मग त्या हळूच म्हणाल्या, "वानवळो कोण नाय म्हणणा नाय. पैसे सांगितले आणि नाय म्हटल्यानी, तर माझी किंमतच गेली."

इथे मला सगळं उलगडलं. नकार मिळणार होता आगळाला, आणि त्या तो स्वतःला लावून घेत होत्या. पैशांची अडचण खरीच होती, पण तिच्याआड ही भीती सुरक्षित बसली होती. जाहिरातीत कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, म्हणून माणसाला जाहिरातच हवीशी वाटते.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे, म्हणजे त्रास देणाऱ्या भावनेमागचा विचार तपासून बदलायचा. ती मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा एक अनुभव मी त्यांना सांगितला. मुलींशी बोलायची त्यांना विलक्षण भीती वाटायची. १९ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका बागेत बाकावर एकट्या बसलेल्या शंभरावर मुलींशी ते महिनाभर ठरवून बोलले. एकच भेटायला तयार झाली, तीही आली नाही. पण भीती गेली. बाई पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या. मी म्हटलं, "वहीतल्या दहाजणांना फोन करा. विकायचं म्हणून नको, नकार ऐकायची सवय म्हणून करा."

सहाजणांनी नको म्हटलं, दोघांनी फोन उचलला नाही, दोघांनी माल मागवला. पण मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. त्या रात्री त्या झोपल्या.

पुढचं व्यवहाराचं होतं, आणि ते मी इतरांनाही सांगते. आधी जुन्या गिऱ्हाइकांकडे जा, त्यांना तुमची चव माहीत आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यात मालाचे फोटो आणि दर लावता येतात. मात्र ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना धाडलेला निरोप तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, तेव्हा माल हातात देतानाच "नंबर सेव्ह करा" म्हणायला लाजू नका. गूगल मॅपवर नाव नोंदवायलाही पैसे पडत नाहीत. चाकरमान्यांना निरोप पाठवायचा तो गणपतीला गावी येण्याआधी, कारण परतीच्या गाडीत बसताना पिशव्या भरलेल्या असतात. आणि प्रत्येक नव्या माणसाला विचारा, आमचं नाव कुठे कळलं? या उत्तरांवरूनच पुढचा रुपया कुठे घालायचा ते ठरतं.

बाईंनी ५,००० मधले निम्मेही खर्च केले नाहीत. छोट्या बाटल्या आणि लेबलं घेतली, आणि किनाऱ्यावरच्या घरगुती निवासांत एकेक बाटली सोलकढीसाठी दिली, वानवळा म्हणूनच. फरक इतकाच, की आठ दिवसांनी परत जाऊन "आता किती देऊ?" असं विचारायचं. काहींनी टाळलं. एका मालकिणीने दर महिन्याची मागणी नोंदवली.

शेवटच्या भेटीला त्यांनी पुन्हा माझ्या टेबलावर आगळाची बाटली ठेवली. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "हो वानवळो नाय हां, ताई. दोनशे रुपये."

मी दोन बाटल्या घेतल्या.