नदीकाठी गेल्यावर संसार सुटतो का?

प्रश्न : आमच्या राजेंद्रनगरच्या महिला मंडळात हेर्मान हेसेची ‘सिद्धार्थ’ वाचली, हिंदी अनुवादातून. गणिकेचं घर आणि व्यापाऱ्याची पेढी सोडून नायक नदीकाठी गेला तेव्हाच त्याला ज्ञान झालं, म्हणजे संसार हा अडथळाच, असं बहुतेकींचं मत पडलं. मला पटलं नाही, पण का ते सांगता येईना. अशा आणखी कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, मंडळाला शेवटची प्रकरणं पुन्हा वाचायला लावा. कमला, कामस्वामी, जुगार हे सगळं सोडणं सिद्धार्थला फारसं जड जात नाही. उबग आला की माणूस उठतोच. खरी पंचाईत होते ती नंतर, नावाड्याच्या झोपडीत. कमला साप चावून मरते आणि दोघांचा मुलगा याच्या पदरात पडतो. शहरात लाडात वाढलेलं पोर. बाप सरपण आणायला सांगतो, तर ते पाय आपटून त्यालाच चार शब्द सुनावतं आणि दुसऱ्या दिवशी नावेच्या कमाईची टोपली घेऊन, होडीसकट पसार! मग बांबूचा तराफा बांधून बाप पैलतीरी जातो आणि त्याच्यामागे थेट शहरापर्यंत धावतो. उपासतापास, ध्यान सगळं करून बसलेला माणूस हा! पुढे नावेत लेकरं घेऊन बसलेले साधे लोक दिसले की त्याला त्यांचा हेवा वाटतो. ज्ञान होतं ते ही जखम झाल्यावर. पहिला भाग लिहून हेसे वर्षभराहून जास्त अडून बसला होता, कादंबरी आली 1922 साली. मला त्याचं नवल वाटत नाही.

तुम्ही हिंदी वाचता, तेव्हा भगवतीचरण वर्मांची ‘चित्रलेखा’ (1934) वाचाच. योगी कुमारगिरी घसरतो, भोगी बीजगुप्त सर्वस्व देऊन निघतो. वाचनीय आहे, पण जरा हिशेबी. कुणाला पाडायचं ते आधीच ठरलेलं. खांडेकरांची ‘ययाति’ घरात असेलच. जीभ जिंकायला कडू फळं खाणाऱ्या यतीसाठी ती पुन्हा उघडा. (कचासाठी नको, तो मला फार बोलतो.)

मंडळात मात्र अनंतमूर्तींची ‘संस्कार’ घ्या. मूळ कन्नड, 1965ची. धर्म मोडून जगलेला नारणप्पा मरतो. त्याचे अंत्यसंस्कार करायचे कुणी? तिकडे प्रेत कुजतंय आणि ते उचलेपर्यंत अग्रहारात, म्हणजे त्या ब्राह्मणवस्तीत, कुणाला जेवता येत नाही. तिथला पंडित प्राणेशाचार्य पोथ्या उलथ्यापालथ्या करतो, मारुतीला कौल लावतो. देव गप्प. परतताना रानात, अंधारात त्याला नारणप्पाने ठेवलेली चंद्री भेटते आणि तिच्या पदरातली केळी हा उपाशी पंडित खातो. तिथून पुढे प्रश्न मेलेल्याचा राहतच नाही, आचार्याचाच होऊन बसतो. शेवटी तो गाडीतून गावाकडे निघतो. पोचल्यावर लोकांना काय सांगणार, हे लेखक सांगत नाही. यावर मंडळात भांडण होईल, होऊ द्या. आणि संसार हा अडथळाच म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा : हा आचार्य जन्माच्या आजारी बायकोला जाणूनबुजून वरतो आणि वर्षानुवर्षं तिची सेवा करतो, तो संसार म्हणायचा की तप?