ती जिवंत असतानाचा कायदा

प्रश्न : मुलीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. जावई दारू पिऊन मारतो, हुंडा मात्र कधी मागितला नाही. ठाण्यात सांगितलं, ‘नवरा-बायकोचं भांडण आहे, मिटवून घ्या.’ हुंड्याचा विषयच नसेल तर कायदा लागू होतो का? (एक वडील, सातारा जिल्हा)

होतो, काका. हुंडा मागितला तरच छळ, हा समज ठाण्यातही आहे आणि तो चुकीचा आहे. भारतीय दंड संहितेतलं जुनं ४९८अ म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. बाईच्या जिवाला, शरीराला किंवा मनाला गंभीर धोका होईल असं जाणूनबुजून वागणं त्यात क्रूरताच ठरतं.

गुन्हा नोंदवायची तिची तयारी नसेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्याच्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा. ते घटना अहवाल लिहून दंडाधिकाऱ्यांकडे देतात. अर्जावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख पडावी आणि ६० दिवसांत तो निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदाच म्हणतो. मारहाण थांबवण्याचा तात्पुरता आदेश त्याआधीही मिळू शकतो. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, एवढ्यावरून तिचा तिथे राहण्याचा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही.

आणि एक विनंती. ती माहेरी आली तर ‘लेकरांकडे बघून सहन कर’ म्हणून परत पाठवू नका. मी लढवलेल्या खटल्यांत हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि ते सांगताना आईवडील रडत होते.

प्रश्न : संरक्षण अधिकारी शोधत तालुक्याला गेले. साहेब अंगणवाड्यांच्या बैठकीला गेलेले. हे काम त्यांच्याकडे अतिरिक्त आहे म्हणे. आम्ही काय मागणी करावी? (आशा कार्यकर्ती, मराठवाडा)

ताई, तुम्ही नेमकं दुखणं पकडलंत. कायदा चांगला आहे, पण राबवणारा माणूस दुसऱ्याच कामाला जुंपलेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमायला सांगितलं. पण आधीच दुसरा कार्यभार असलेल्याला आणखी एक पदनाम दिलं, तर तुम्हाला उद्याही बंदच दार दिसेल. म्हणून पूर्णवेळ पद, वाहन आणि स्वतंत्र निधी मागा. माहिती अधिकारात विचारा : वर्षभरात किती घटना अहवाल लिहिले, किती न्यायालयात पोचले? ते आकडे घेऊन महिला ग्रामसभेत ठराव करा.

आपल्याच राज्यातला नमुनाही दाखवा. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा विशेष कक्ष सुरू झाला : पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजसेविका बसते. बाईला शेवटपर्यंत ऐकून घेणारं कुणी त्याच इमारतीत असलं की पुढचं बरंच सोपं होतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या ‘दिलासा’ केंद्राने हेच दवाखान्यात केलं. ‘पाय घसरला’ म्हणणाऱ्या बाईला सासूला बाहेर ठेवून पुन्हा विचारावं लागतं. आशाताईंनाही हे विचारण्याचं प्रशिक्षण मिळायला हवं.

प्रश्न : शक्ती कायदा आणून फाशी का देत नाहीत? (विद्यार्थी, नाशिक)

बलात्काराच्या गंभीर गुन्ह्यांत फाशीची तरतूद करणारं राज्याचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, पण राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अडकलं. तुमचा संताप मला कळतो, तरी फाशीला माझा विरोध आहे. आरोपी बहुतेकदा ओळखीचा, कित्येकदा घरातलाच. त्याला फाशी होणार म्हटलं की अख्खं घर तिच्यावर तुटून पडतं आणि तक्रार उंबऱ्याबाहेर येत नाही.

प्रश्न : मेक्सिको, इटलीसारखा स्त्रीहत्येचा, म्हणजे बाई आहे म्हणून तिला मारण्याचा, वेगळा गुन्हा आपल्याकडे हवा का? (शिक्षिका, पुणे)

आपल्याकडे १९८६ पासून हुंडाबळीचं कलम आहे, पण त्याला लग्नापासून सात वर्षांची मर्यादा आणि हुंड्याची अट. दहाव्या वर्षी नवऱ्याने मारलं, लग्नाला नकार दिला म्हणून मारलं, तर तो फक्त खून. गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात त्याचं कारण कित्येकदा ‘प्रेमप्रकरण’ म्हणून पडतं. मारणाऱ्याच्या तोंडचं कारण सरकारी कागदावर उतरतं, हे मला सहन होत नाही.

नव्या कलमाला माझी ना नाही, पण त्याआधी नोंद बदला. आरोपी तिचा कोण, तिने आधी कुठे आणि किती वेळा तक्रार केली होती, हे दोन रकाने प्रत्येक खुनात भरले जावेत. इंग्लंडमध्ये २०११ पासून अशा घरगुती मृत्यूंचा आढावा कायद्यानेच घ्यावा लागतो : पोलीस, दवाखाना, समाजकल्याण, कुणापर्यंत ती पोचली होती आणि तिथे काय झालं. आपल्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांनी असा आढावा घ्यावा, आणि ज्या ठाण्याने तिला ‘मिटवून घ्या’ सांगून परत पाठवलं त्याची नोंदवही टेबलावर असावी.