सासूबाई अंथरुणातून उठायलाच तयार नाहीत

प्रश्न: माझ्या 76 वर्षांच्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून हाडाचा गोळा बदलला, त्याला तीन आठवडे झाले. फिजिओथेरपिस्ट येतात तेवढ्याच वेळी त्या उठतात. मी आग्रह केला की रडतात. नणंद फोनवर म्हणतात, “हाड जुळेपर्यंत आईला पडू दे, का छळतेस?” मी काय करावे? – एक सून, सातारा

उत्तर: नणंदेची काळजी खरी आहे, परंतु समजूत चुकीची आहे. सासूबाईंचा मोडलेला गोळा काढून त्या जागी धातूचा बसवला आहे. जुळण्याची वाट पाहावी असे हाड तेथे उरलेलेच नाही. म्हणूनच अशा रुग्णांना बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करतात. या वयात पडून राहिल्याने मांडीचे स्नायू झपाट्याने झिजतात आणि शय्याव्रण, न्यूमोनिया, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे यांचा धोका वाढतो.

तरीही त्यांच्या रडण्याला हट्ट म्हणू नका. दुखण्यासाठी वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मला मात्र त्यांच्या रडण्यात पुन्हा पडण्याची भीती अधिक दिसते, आणि तिच्यावर गोळी नाही. त्यांना हाताला धरून ओढू नका. हात असलेल्या उंच खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन त्यांना स्वतः उठू द्या आणि तुम्ही शस्त्रक्रिया झालेल्या बाजूला, किंचित मागे उभ्या राहा. मांडी घालणे, उकिडवे बसणे व पायावर पाय टाकणे डॉक्टर मोकळीक देईपर्यंत टाळावे. भारतीय पद्धतीच्या शौचालयाऐवजी कमोडची खुर्ची वापरावी.

नुसते “चाला” म्हटल्याने कोणी चालत नाही, चालण्याला निमित्त लागते. सकाळचा चहा स्वयंपाकघरात, जेवण टेबलावर आणि देवाला फूल वाहणे त्यांच्याच हातून, असा क्रम ठेवा. सगळे अंथरुणाशी नेऊन देणे बंद करणे सुनेला जड जाते, शेजारणीही बोलतात, बोलू द्यात. मात्र पोटरी सुजली, धाप लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला अथवा पाय अचानक आखूड दिसू लागला, तर व्यायाम थांबवून लगेच रुग्णालय गाठा. साध्या पडण्याने खुबा मोडला, त्या अर्थी हाडे ठिसूळ झाली असण्याची दाट शक्यता आहे. त्यावरील उपचारांविषयी पुढच्या तपासणीत आवर्जून विचारा.

आणखी एक. तुमच्या पत्रात पतीचा उल्लेख एकदाही नाही. आईला संध्याकाळी चालवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा आणि बहिणीशीही त्यांनीच बोलावे. नणंदेला शक्य असेल तर फिजिओथेरपिस्ट येण्याच्या वेळी बोलवा, नाहीतर व्हिडिओ कॉल लावा. आईला किती चालवायचे, हे त्यांना तुमच्याऐवजी फिजिओथेरपिस्टकडून ऐकू द्या.