वाचकांचे प्रश्न : हिरवा खडा मोट्रामाइटचाच आहे का?

प्रश्न : मी वाईच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या संग्रहात नामिबियातील त्सुमेब खाणीतला एक हिरवा खडा आहे आणि त्याच्या चिठ्ठीवर ‘मोट्रामाइट’ असे लिहिले आहे. आमच्याकडे विहिरीच्या खोदाईत निघालेल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतही तसेच हिरवे अस्तर दिसते. दोन्ही एकच खनिज आहे का? – एक वाचक, वाई (जि. सातारा)

उत्तर : दोन्ही एक असण्याचा संभव फार कमी आहे, आणि ते ठरवताना रंगापेक्षा वजनावर अधिक भरवसा ठेवावा. मोट्रामाइट हे शिसे व तांबे यांचे हायड्रॉक्सिलयुक्त व्हॅनेडेट (व्हॅनेडियम या धातूचे संयुग) असून त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचाच असतो; त्यामुळे त्याचे विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट वजन) सुमारे ५.९ भरते. खडा दोऱ्याने काट्याला टांगून आधी हवेत व नंतर पूर्ण पाण्यात बुडवून तोलावा. हवेत ५९ ग्रॅम भरलेला खडा पाण्यात ४९ ग्रॅम भरला, तर घटलेल्या १० ग्रॅमने ५९ ला भागून ५.९ हे उत्तर येते. मात्र खनिजाचा थर दुसऱ्या खडकावर चिकटलेला असेल तर आकडा कमीच येणार.

विहिरीतले अस्तर बहुधा सेलाडोनाइटचे असावे. ते अभ्रकाच्या कुळातले, मातकट आणि नखाने ओरखडता येण्याइतके मऊ असते व त्याचे विशिष्ट गुरुत्व ३ च्या आसपास असते. मोट्रामाइट शिसे-तांब्याच्या धातुकांचा वरचा भाग हवापाण्याने झिजताना तयार होते. तुमच्याकडच्या काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, पोकळ्यांत ते अपेक्षित नाही. दक्खनच्या बेसाल्टात व्हॅनेडियमची खनिजे मिळतच नाहीत असे मात्र समजू नये, कारण पुण्याजवळच्या वाघोलीचा सुंदर निळा कॅव्हन्साइट हे कॅल्शियम व व्हॅनेडियमचे सिलिकेटच आहे.

मॅलाकाइट या तांब्याच्या हिरव्या कार्बोनेट खनिजाशी गल्लत होऊ शकते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने मॅलाकाइट फसफसते, मोट्रामाइट फसफसत नाही. पण खालचा खडक चुनखडीचा असेल तर बुडबुडे त्यातून येतात, म्हणून भिंगातून नीट पाहावे. खरी अडचण डेस्क्लॉइझाइट या जवळच्या खनिजाची आहे. त्यात तांब्याच्या जागी जस्त असते, दोहोंमध्ये सलग मिश्रणे आढळतात आणि वजनही जवळजवळ सारखेच भरते. मोट्रामाइटचा कस (बिनचकाकीच्या चिनीमातीच्या फरशीवर घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग) पिवळट हिरवा, तर डेस्क्लॉइझाइटचा नारिंगी ते तपकिरी लाल उमटतो. तरीही मधल्या मिश्रणांचा निकाल रासायनिक विश्लेषणाशिवाय लागत नाही. इंग्लंडच्या चेशर परगण्यातील मोट्रम सेंट अँड्र्यू या गावावरून नाव मिळालेल्या या खनिजाचे वर्णन १८७६ मध्ये हेन्री रॉस्को यांनी केले. शुद्ध व्हॅनेडियम धातू प्रथम वेगळा काढणारे रसायनज्ञ तेच.

खड्यात शिसे असल्याने मुलांना तो कुटू देऊ नये, कस पाहिल्यावर भुकटी ओल्या कापडाने पुसावी आणि हात साबणाने धुवावेत.