अंशराशीकरणाचे पैसे ट्रस्टला द्यावेत का?

प्रश्न: जिल्हा परिषदेतून ५८व्या वर्षी नुकताच निवृत्त झालो. शेवटचं मूळ वेतन ८० हजार. अंशराशीकरणाचे, म्हणजे पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेतल्याचे सुमारे १६ लाख आणि ग्रॅच्युइटी हातात आली आहे. गावाकडे मित्रांचा ट्रस्ट स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. त्यांना १५ लाख देऊन विश्वस्त म्हणून काम करायचं आहे. पत्नी गृहिणी, सहा वर्षांनी लहान.

उत्तर: वेळ जरूर द्या, अगदी आजपासून. १५ लाख मात्र एकरकमी देऊ नका.

अंशराशीकरणाचा पैसा घबाडासारखा वाटतो, पण ती तुमचीच पेन्शन आहे, आगाऊ घेतलेली. मूळ ४० हजारांच्या पेन्शनमधून दरमहा १६ हजारांची कपात १५ वर्षं चालणार. चेक ट्रस्टला गेला तरी कपात तुमच्याच माथी राहील. त्यात वहिनींचा विचार करा. तुमच्या पश्चात त्यांना काही वर्षं वाढीव दराने आणि पुढे वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे २४ हजार अधिक महागाई भत्ता इतकंच कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. एखादं मोठं आजारपण त्यात निभावणार नाही. मग हात पसरायचा कुणापुढे?

'करात सूट मिळेल' असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. देणगीवरची ८०जी कलमाची वजावट नव्या करप्रणालीत नाहीच. आणि पेन्शन-व्याज मिळून उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर तिथे तुम्हाला करही नाही. द्यायचं ते मनापासून द्या, कराचा हिशेब त्यात आणू नका.

मी असं करेन: निवृत्तीची रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, वहिनींना जोडखातेदार करून. कमाल मर्यादा ३० लाख. साठीच्या आतल्यांना निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं, तेव्हा हे आधी उरका. व्याज दर तिमाहीला येईल. त्यातला चौथा हिस्सा अभ्यासिकेला, ऑनलाइन किंवा चेकने, पावती घेऊन. मोठी रक्कम द्यायचीच असेल तर मृत्युपत्रात लिहा, तीही वहिनींच्या पश्चात जाईल अशी.

आणि फुकट काम फुकटात होत नाही बरं का. गावी जाणं-येणं, झेरॉक्स, एखाद्या मुलाची परीक्षा फी ऐनवेळी भरणं, हे सगळं खिशातूनच जातं आणि कुणी लिहून ठेवत नाही. त्याची वही ठेवा आणि तो खर्च त्याच चौथ्या हिश्श्यात धरा.

विश्वस्तपदाची घाई नको. वर्षभर साधे कार्यकर्ते म्हणून जा. तेवढ्यात लेखापरीक्षण वेळेवर होतंय का, विश्वस्तांमधले बदल धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेत का, हे बघून घ्या. ऑडिटचे आक्षेप निस्तरण्यात ज्याची सारी नोकरी सरली, त्याला कागद कसे वाचायचे हे मी काय सांगणार! कागद दाखवायला टाळाटाळ झाली, तर मुलांना शिकवा, सही मात्र कुठेच करू नका.