डावखुऱ्यांची गिटार: कोणता हात, कोणत्या तारा?

प्रश्न: मुलगी 11 वर्षांची, पक्की डावखुरी. क्लासचे सर म्हणतात, ‘दोन्ही हात लागतातच, मग सगळ्यांसारखी उजवीच शिकू दे.’ ऐकावं का?

उजवी गिटार म्हणजे उजव्या हाताने छेडायची, डावी म्हणजे डाव्या. दोन्ही हात लागतात हे खरं, पण दोघांचं काम वेगळं आहे. नेकवरचा (गिटारच्या लांब दांडीवरचा) हात जागा शोधून तार दाबतो. ते सरावाने कुठल्याही हाताला जमतं. छेडणारा हात लय सांभाळतो, आणि लय बहुतेकांच्या पक्क्या हातातच असते. डावखुरे तबलावादक डग्गा उजवीकडे घेतात ते त्यामुळेच.

निर्णय वादाने नको, तपासून घ्या. गिटार एकदा उजवी, एकदा डावी धरायला द्या. नेकवरच्या हाताने तारा हलक्या झाकून आवाज बंद करायचा. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्याला एक स्ट्रोक खाली, एक वर. रोज दोन्ही बाजूंनी 5-5 मिनिटं, आठवडाभर. ज्या हाताने ती स्ट्रोक न तुटता सोबत गाणं म्हणू शकते, तो छेडायचा हात. फरक जाणवलाच नाही, तर उजवी शिकू दे: गिटार कुठेही मिळते, कुणाचीही हातात घेता येते. रॉक गिटारवादक मार्क नॉफ्लर डावखुरा असून उजवी वाजवतो. पण फरक स्पष्ट दिसत असेल तर सरांशी बोला आणि डावीच द्या. पक्क्या डावखुऱ्या मुलीला केवळ वर्गाच्या सोयीसाठी उजवीकडे वळवणं आम्हाला पटत नाही.

वर्गात तिला रांगेच्या, बसणाऱ्यांच्या उजव्या हाताकडच्या टोकाला बसवा, म्हणजे तिच्या गिटारची नेक शेजाऱ्याच्या नेकवर आदळणार नाही.

प्रश्न: दादाची जुनी गिटार घरात पडून आहे. तारा उलट्या क्रमाने लावल्या की झाली डावी?

आधी ती कोणत्या प्रकारची आहे ते बघा.

स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकमध्ये अडचणी दोन. पहिली नटची, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची. 12-53 च्या सेटमध्ये (आकडे इंचाच्या हजाराव्या भागांत) पहिली तार सुमारे 0.3 मिमी जाड, तर सहावी सुमारे 1.35 मिमी. नटमधल्या खाचा त्याच मापाने कापलेल्या असतात. उलटं केल्यावर जाड तार अरुंद खाचेत वरच अडकते, ट्यून करताना कुरकुरते आणि दाबायला जड जाते. बारीक तार रुंद खाचेत खोल बसून हलते नि झणझणते. नट काढून टोकं बदलून बसवण्याचा मोह टाळा: खाचा हेडस्टॉककडे (तारा पिळायच्या टोकाकडे) उतरत्या कापलेल्या असतात, त्या फिरवल्यावर उलट्या उतरतात आणि सूर बिघडतो. डाव्या गिटारचा नवा नटच लागतो. जुना काढताना कडेचा गोंद ब्लेडने रेघ मारून मोकळा करा, मग फ्रेटबोर्डच्या (नेकवर तारा दाबायच्या पट्टीच्या) बाजूने लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोका.

दुसरी अडचण सॅडलची (गिटारच्या पोटावर तारा टेकतात ती पट्टी), आणि ती मोठी. सॅडल तिरकं असतं; त्याचं जाड तारेकडचं टोक नटपासून सुमारे 3 मिमी जास्त लांब असतं. दाबल्यावर जाड तारेचा सूर जास्त चढतो, तो या वाढीव लांबीने भरून निघतो. उलट्या तारा लावल्या की वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) जाड तारा चढ्या आणि बारीक उतरलेल्या वाजतात. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक (घंटेसारखा सूर) काढा, मग तीच तार तिथे दाबून वाजवा. ट्यूनर अ‍ॅपमध्ये फरक 5 सेंटहून (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) जास्त दिसला तर कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) बेसूर लागतील, आणि शिकणाऱ्याला वाटेल की चूक आपल्या बोटांची आहे. खरा उपाय म्हणजे सॅडलची खाच बुजवून नवी, उलट्या तिरकसपणाची कापणं. हे कारागिराचं काम आहे. साध्या गिटारवर तो खर्च करण्यापेक्षा डावी गिटारच घ्यावी.

नायलॉनच्या तारांची क्लासिकल असेल तर नशीब चांगलं. तिचं सॅडल बहुधा सरळ असतं: नट नवा घाला, सॅडल काढून टोकं बदलून बसवा, झालं. पहिल्या उत्तरातल्या मुलीसाठीही 36 इंची, तीन-चतुर्थांश आकाराची नायलॉन गिटार अशी बदलून घेणं सोयीचं.

इलेक्ट्रिकवर बहुधा प्रत्येक तारेचं सॅडल स्क्रूने पुढे-मागे होतं, म्हणून नट बदलला की सूर जुळवता येतो. डावखुरा रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स उजवी स्ट्रॅटोकास्टर (एक इलेक्ट्रिक गिटार) उलटी धरून, तारांचा क्रम बदलून वाजवायचा. तारेची जागा जमते. मात्र आवाजाचे नॉब हाताखाली येतात, ते चुकून फिरतात.

प्रश्न: तारा न बदलता नुसतीच उलटी धरली तर?

ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग तसंच वाजवायचा; बारीक तारा वर, जाड खाली. पण मग छापील कॉर्डची बोटं जशीच्या तशी बसत नाहीत, आणि खाली मारलेला स्ट्रोक आधी बारीक तारांना लागतो. सुरुवात करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

प्रश्न: कॉर्डचे तक्ते आणि व्हिडिओ सगळे उजव्यांचे. प्रत्येक वेळी मनात उलटायचं?

टॅब (सहा रेघांवर आकडे लिहिलेलं गिटारचं लिखाण) उलटूच नका, आहे तसंच वाचा. वरची रेघ बारीक तार, खालची जाड, आकडा म्हणजे फ्रेट, डाव्यालाही तेच. उभा कॉर्ड-तक्ता मात्र आरशासारखा उलटावा लागतो, कारण त्यात डावीकडची रेघ सहावी तार असते. फोनमध्ये फोटो आडवा फ्लिप करा. आकडे उलटे दिसतील, पण बोटांचे क्रमांक बदलत नाहीत: 1 तर्जनी, 2 मधलं, 3 अनामिका, 4 करंगळी.

व्हिडिओत तुमचा फायदाच आहे. समोर बसलेले उजवे शिक्षक तुम्हाला आरशातल्यासारखे दिसतात. त्यांची नेक ज्या बाजूला, तुमचीही त्याच बाजूला. प्रत्यक्ष शिकवणीतही शेजारी बसू नका, समोर बसा.

प्रश्न: आठ महिने उजवी शिकतोय. कॉर्ड पटापट बदलतात, स्ट्रमिंग अजून ताठर. बाजू बदलू का?

लगेच नको. उजवीवर शिकणाऱ्या डावखुऱ्याची बोटं लवकर चालतात, लय मागे राहते. महिनाभर वर सांगितलेला झाकलेल्या तारांचा सराव मेट्रोनोम 50 वर रोज 10 मिनिटं करा, पातळ पिक (तारा छेडायची चकती) सैल धरून, मनगटातून. 80 वरही गाताना हात अडखळत नसेल तर आहे तीच बाजू ठेवा. 50 वरच अडत असेल तर डावीकडे वळा. कॉर्डचे आकार डोक्यात आहेतच, बोटांना तेवढे पुन्हा शिकवायचे.