काळा ओतूनही अंधार का होत नाही

तू लिहिलंयस की इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्जिओचं सेंट मॅथ्यूवालं मोठं चित्र कॉपी करतोयस आणि काळ्याची ट्यूब संपत आली तरी मागचा अंधार डांबर फासल्यासारखाच दिसतोय. अरे ते मूळ चित्र तीन मीटरच्या वर आहे, सात माणसं त्यात, आणि तू मोबाईलवर बघून फूटभर कॅनव्हासवर उतरवतोयस, मग सावलीत काय चाललंय ते दिसणार कुठून? ते ठेव बाजूला.

डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६२८ च्या आसपासचं सेल्फ पोर्ट्रेट घे, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं, त्यांच्या साइटवर मोठी फाइल फुकट मिळते. मूळच जेमतेम २२-२३ सेंमी उंच, म्हणजे त्याच मापात काढता येतं. बावीसेक वर्षांचा पोरगा आणि स्वतःचे डोळे चक्क सावलीत ठेवलेत, मला तर हे धाडसच वाटतं.

आधी बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी सोडून पेटीतल्या दुसऱ्या कुठल्याही रंगाला हात लावू नकोस. फाइलची ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढ, बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासभर पसरव आणि ओला असतानाच जुन्या बनियनच्या चिंधीने गाल, मान, जिथे उजेड आहे तिथे पुसत जा, डोळे बारीक करून प्रिंटशी ताडत. केसांच्या बटा त्याने ब्रशच्या दांड्याने ओल्या रंगात ओरखडल्यात, तूही तेच कर, मजा येते.

हे सुकलं की मग पांढरा, आणि तोही फक्त उजेडात, जाड. सावली पातळच राहू दे, कारण पातळ थरातून खालचा तपकिरी डोकावतो, जाड काळ्यावर नुसती ट्यूबलाइट चमकते. मी एका पावसाळ्यात आयव्हरी ब्लॅक थापला आणि वर अंबर चढवला. अंबर भराभर सुकतो, ब्लॅक खाली ओलाच, दिवाळीपर्यंत भेगा. आजी म्हणाली, भिंतीचे पोपडे मुद्दाम काढलेस का रे?

आणि बडोद्यात राहून कमाटीबागेतली पिक्चर गॅलरी बघितली नाहीस म्हणतोस, कमाल आहे! सयाजीरावांच्या काळात आणलेली युरोपियन ऑइल्स आहेत तिथे. समोरून नको, अगदी कडेला उभा राहून तिरकं बघ, उजेडाचा रंग कुठे उठून आलाय आणि अंधार कुठे सपाट राहिलाय ते शोध. रखवालदार विचारेल काय करताय, सांग त्याला.